नावे ठेवणारे आणि नाव देणारे

अंगणातील तुळशीचे शास्त्रीय नाव विचारले, तर शाळा-महाविद्यालयात थोडेफार वनस्पतिशास्त्र शिकलेला मनुष्य आजही 'ओसिमम सँक्टम' असे उत्तर देतो. सँक्टम म्हणजे पवित्र. सातासमुद्रापलीकडच्या एका स्वीडिश पंडितालाही तुळशीचे पावित्र्य मान्य करावे लागले, हा दाखला व्याख्यानांतून मोठ्या अभिमानाने दिला जातो. दाखला खोटा नाही. पण तो अर्धाच आहे. कार्ल लिनिअसने १७६७ साली तुळशीला 'सँक्टम' म्हटले हे खरे. परंतु त्याच लिनिअसने त्याआधी, १७५३ साली, याच वनस्पतीला 'ओसिमम टेन्युइफ्लोरम', म्हणजे बारीक फुलांची, असे नाव देऊन ठेवले होते. दोन्ही नावे एकाच वनस्पतीची आहेत हे पुढे ध्यानात आले. तेव्हा नियमानुसार आधीचे नाव टिकले आणि 'पवित्र' हे विशेषण गळून पडले. यामागे कोणाचा द्वेष नव्हता की कारस्थान नव्हते. जो नियम तुळशीला लागला, तोच जगातील प्रत्येक गवताच्या काडीला लागतो.

हा नियम अग्रक्रमाचा आहे. वनस्पतींच्या बाबतीत लिनिअसचा १७५३ सालचा 'स्पीशीज प्लँटारम' हा ग्रंथ आणि प्राण्यांच्या बाबतीत त्याच्याच 'सिस्टिमा नॅचुरी'ची १७५८ सालची दहावी आवृत्ती, येथून नावांची मोजणी सुरू होते. त्यानंतर ज्याने एखाद्या सजीवाचे वर्णन रीतसर प्रथम प्रसिद्ध केले, त्याने दिलेले नाव ग्राह्य. नाव दोन शब्दांचे असते. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. आडनाव आधी आणि स्वत:चे नाव नंतर, असा हा प्रकार आहे. (मराठी वृत्तपत्रे 'नव्या प्रजातीचा शोध' असा मथळा देतात, तेव्हा बहुधा शोध नव्या जातीचा असतो. हिंदीत प्रजाती म्हणजे मराठीतील जाती. मथळा हिंदीतून येतो आणि अर्थ बदलतो.) अनेक जाती मिळून प्रजाती, प्रजाती मिळून कुल, कुले मिळून गण, असे करीत ही उतरंड सृष्टीपर्यंत पोहोचते. मात्र केवळ नाव प्रसिद्ध करून भागत नाही. ज्या प्रत्यक्ष नमुन्यावरून वर्णन केले, तो वाळवलेला किंवा जतन केलेला मूळ नमुना एखाद्या मान्यताप्राप्त संग्रहालयात ठेवावा लागतो. पुढे शंभर वर्षांनी वाद उत्पन्न झाला, तर निवाडा त्या नमुन्यासमोर होतो. नाव लॅटिन वळणाचे असावे लागते; ते कोणत्या भाषेतून उचलले याला बंधन नाही. लॅटिन आज कोणाचीच मातृभाषा नाही. काश्मीरच्या आणि केरळच्या वैद्यांना एकमेकांशी बोलण्यासाठी संस्कृत जशी उपयोगी पडली, तशीच ही सोय आहे.

आता प्रश्न स्वाभिमानाचा. महाराष्ट्राचे राज्यपुष्प ताम्हण. त्याची प्रजाती 'लॅगरस्ट्रोमिया'. हे नाव स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीचा एक संचालक मॅग्नस लॅगरस्ट्रोम याचे. फाल्गुनात रानोमाळ पेटणाऱ्या पळसाची प्रजाती 'ब्युटिया'. हे नाव १७६२-६३ मध्ये ब्रिटनचा पंतप्रधान असलेल्या अर्ल ऑफ ब्यूटचे. आणि सर्वांत बोचणारे उदाहरण शिवनेरीचे. जुन्नर परिसरातील कड्यांवर, शिवछत्रपतींच्या जन्मस्थानाच्या खडकांत शिंदळ माकुडी नावाची मांसल खोडाची एक दुर्मीळ वनस्पती वाढते. महाराष्ट्राच्या सह्याद्रीखेरीज ती जगात कोठेही नाही. मुंबई इलाख्याचा वनाधिकारी डॅलझेल याने १८६० च्या दशकात तिचे वर्णन केले आणि आपल्या गव्हर्नरचे, सर बार्टल फ्रेअरचे, नाव तिला दिले : 'फ्रेरिया इंडिका'. पुढील अभ्यासात ही वनस्पती दुसऱ्या प्रजातीत घालावी लागली आणि फ्रेरिया हे प्रजातिनाम मागे पडले. गव्हर्नरसाहेब गेले असे वाटावे, तो ते दुसऱ्या शब्दात येऊन बसले. आज तिचे नाव 'बाउसेरोशिया फ्रेरी' असे आहे. गेला तो 'इंडिका' हा शब्द!

ही यादी वाचून कोणाही देशाभिमानी माणसाचे रक्त तापणे स्वाभाविक आहे, आणि 'ही नावे बदला' अशी मागणी त्यातूनच येते. शहरांची नावे बदलली, रस्त्यांची बदलली, मग झाडांची का नको? प्रश्न प्रामाणिक आहे. पण त्याचे उत्तर शोधताना नाव देणे आणि नावे ठेवणे यांतला फरक विसरून चालणार नाही. शहराचे नाव त्या शहराच्या लोकांचे असते. इंग्रजाने ते बिघडवले, समाजाने पूर्ववत केले. पळसाचे 'पळस' हे नाव इंग्रजाने हिरावून घेतलेले नाही. ते खेड्यापाड्यात आणि कवितेत जिथे होते तिथेच आहे. ब्युटिया हे जगभरच्या अभ्यासकांच्या खतावणीतील नाव आहे. आणि त्या खतावणीत पहिली नोंद ज्याने केली, त्याला आपल्या आश्रयदात्याची खुशामत करण्याची मुभा मिळाली. खुशामत ओशाळवाणी असेल. नोंद करण्याचे कष्ट मात्र खरे होते.

नावे बदलण्याच्या या वादात अलीकडे जगातही बरेच काही घडले आहे. जुलै २०२४ मध्ये माद्रिद येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत 'काफ्रा' हे विशेषण असलेली दोनशेहून अधिक नावे बदलण्याचा ठराव ३५१ विरुद्ध २०५ मतांनी संमत झाला. मूळ अरबी 'काफिर' या शब्दापासून निघालेला हा शब्द दक्षिण आफ्रिकेत कृष्णवर्णीयांना उद्देशून शिवी म्हणून वापरला जाई. त्यातील एक अक्षर काढून 'आफ्रा', म्हणजे आफ्रिकेचा, असा बदल झाला. त्याच परिषदेत, २०२६ च्या आरंभापासून प्रसिद्ध होणारे एखादे नवे नाव मानहानिकारक असेल तर ते नाकारण्याची तरतूदही झाली. जुन्या गव्हर्नरांना तिने हात लावलेला नाही. प्राण्यांच्या नावांचा आंतरराष्ट्रीय आयोग तर याहून कठोर आहे. नैतिक कारणांसाठी प्रस्थापित नावे बदलणार नाही, अशी भूमिका त्याच्या सदस्यांनी २०२३ मध्ये मांडली. स्लोव्हेनियाच्या गुहांतील एका आंधळ्या भुंगेऱ्याला १९३७ साली हिटलरचे नाव दिले गेले होते. ते अजून कायम आहे. जिथे हिटलर हलला नाही, तिथे फ्रेअरला हलवण्यासाठी शक्ती खर्चण्यात किती अर्थ आहे, याचा विचार मागणी करणाऱ्यांनी करावा.

शिवाय सगळे इंग्रज एका माळेचे मणी नव्हते. कलकत्त्याचे न्यायाधीश सर विल्यम जोन्स यांचा आग्रह होता, की हिंदुस्थानातील वनस्पतींना त्यांची हिंदुस्थानी नावेच असावीत; लिनिअसला संस्कृत येत असते तर त्याने तीच स्वीकारली असती, असे त्यांचे मत होते. नियतीचा विनोद असा, की रॉक्सबर्गने अशोकाच्या झाडाला नाव दिले ते 'जोन्सिया असोका'! देशी नावांसाठी भांडणाऱ्याच्याच नावाने सीतेचा अशोक ओळखला जाऊ लागला. पण लिनिअसने 'सराका' ही प्रजाती आधीच प्रसिद्ध केलेली होती. अग्रक्रमाच्या नियमाने जोन्सिया बाद झाले आणि आज ते झाड 'सराका असोका' आहे. ज्या नियमाने तुळशीचे पावित्र्य काढून घेतले, त्याच नियमाने अशोकावरचा साहेबही उतरवला.

परकीयांच्या नावांपेक्षा अधिक सलावे असे शल्य वेगळेच आहे. ते म्हणजे स्वकीयांच्या नावांचा विसर. लिनिअस कधी भारतात आला नाही. इथल्या अनेक वनस्पती त्याला ठाऊक झाल्या त्या 'हॉर्टस मलबारिकस' या बारा खंडांच्या लॅटिन ग्रंथातून. कोचीनचा डच अधिकारी हेंद्रिक व्हान ऱ्हीडे याने तो सिद्ध करवला आणि १६७८ ते १६९३ या काळात तो ॲमस्टरडॅम येथे छापला गेला. सुमारे साडेसातशे वनस्पतींचे ज्ञान त्यात आहे. ते दिले कोणी? इट्टी अच्युतन नावाच्या, तत्कालीन समाजरचनेत अस्पृश्य मानल्या गेलेल्या एळवा समाजातील वैद्यराजाने. आपल्या घराण्यात पिढ्यान्पिढ्या चालत आलेल्या पोथ्या त्याने उघडल्या. त्याच्या जोडीला होते रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तिघे कोकणी ब्राह्मण. या सर्वांची प्रमाणपत्रे पहिल्या खंडात छापलेली आहेत. अच्युतनचे मल्याळममध्ये आणि तिघा कोकण्यांचे, १६७५ सालचे, नागरी लिपीतील कोकणीत. नागरी अक्षरे छापल्याच्या अगदी आरंभीच्या उदाहरणांत त्याची गणना होते. गोव्यातील छळामुळे दक्षिणेकडे गेलेल्या समाजाची भाषा डच छापखान्यात अशी उमटली. अस्पृश्य ठरवलेला वैद्य आणि ब्राह्मण पंडित एका ग्रंथासाठी शेजारी बसले होते, ही गोष्ट समरसतेवर बोलणाऱ्या किती जणांना ठाऊक असते?

अडीचशे-तीनशे वर्षे हा ग्रंथ लॅटिनमध्येच पडून राहिला. तो उघडला कालिकत विद्यापीठातील के. एस. मणिलाल या वनस्पतिशास्त्रज्ञाने. त्यांनी लॅटिन शिकून, मूळ ठिकाणी जाऊन ग्रंथातील झाडे पुन्हा शोधली, त्यांची आजची नावे निश्चित केली आणि इंग्रजी अनुवाद केरळ विद्यापीठातर्फे २००३ साली प्रसिद्ध झाला; मल्याळम अनुवाद २००८ मध्ये. आयुष्याची तीन दशके त्यात गेली. २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली. अच्युतनच्या नावाने मोर्चा काढण्यापेक्षा हे काम फार कठीण होते, आणि अच्युतनचे नाव आज घेतले जाते ते या कामामुळे.

येथे एक आक्षेप येईल. आपल्याकडे वर्गीकरण नव्हते काय? होते. छांदोग्य उपनिषदात प्राण्यांचे अंडज, जीवज, उद्भिज्ज असे भेद आहेत. चरकाने वनस्पती, वानस्पत्य, वीरुध आणि ओषधी असे चार प्रकार सांगितले आणि द्रव्यांचे त्यांच्या कर्मानुसार पन्नास महाकषायांत गट पाडले. वैद्याच्या गरजेला ते पुरेसे आणि नेमके होते. मात्र त्या चार प्रकारांत लिनिअसची उतरंड शोधणे किंवा डार्विनचे मूळ सापडल्याचा दावा करणे, हे चरकावर प्रेम नसून त्याच्यावर अन्याय आहे. चरकाचा खरा मोठेपणा दुसरीकडे आहे. वनस्पतींचे नाव आणि रूप रानात वावरणारे अजपाल, गोपाळ आणि वनवासी जाणतात, हे त्याच्या संहितेत मोकळेपणाने मान्य केलेले आहे. ओळख रानात, डोळ्यांनी, जाणत्याच्या हाताखाली पटायची. म्हणूनच संहितांनी झाडांची तपशीलवार वर्णने देण्याची गरज मानली नाही. ती साखळी तुटली आणि नाव उरले, झाड हरवले.

आयुर्वेदात यालाच 'संदिग्ध द्रव्य' म्हणतात. शंखपुष्पी या एका नावाखाली देशाच्या वेगवेगळ्या भागांत किमान तीन-चार निरनिराळ्या वनस्पती वापरल्या जातात. त्यांत गोकर्णही येते. ब्राह्मी म्हणून कोठे एक वनस्पती विकली जाते, कोठे मंडूकपर्णी. रास्नेचीही तीच गत. कुटुंबातील मूल परीक्षेच्या दिवसांत ब्राह्मी घेते, तेव्हा ते नक्की काय पिते? अशोकाचे तर विचारूच नये. गृहनिर्माण संस्थांच्या कुंपणाला उभ्या, निमुळत्या झाडांची जी रांग असते, तिला सारे शहर अशोक म्हणते. तो अशोक नव्हेच. तो सीताफळाच्या कुलातला 'मोनून लाँगिफोलियम'; अगदी परवापर्यंत त्याला 'पॉलिअल्थिया' म्हणत. त्याला ना केशरी फुलांचे झुबके येतात, ना त्याच्या सालीला अशोकारिष्टात स्थान आहे. तरीही त्याची साल खऱ्या अशोकाच्या नावाने बाजारात शिरते. स्त्रियांनी विश्वासाने घ्यावयाच्या औषधाचा हा प्रश्न आहे. तो सोडवण्याचा मार्ग एकच : पोथीतले नाव, गावातले नाव आणि शास्त्रीय नाव यांची गाठ घालणारा माणूस, आणि त्याच्या पाठीशी असलेला वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह. लॅटिन नाव येथे आयुर्वेदाचे वैरी नाही. त्याच्यावाचून आयुर्वेदाचा खटला उभाच राहत नाही.

संग्रहाचे महत्त्व काय, याचे उदाहरण मुंबईतच आहे. १९४८ साली तमिळनाडूतील डोंगरात हटन नावाच्या गृहस्थाने एक वटवाघूळ पकडले आणि त्याचा नमुना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे आला. सामान्य फलाहारी वटवाघूळ अशी चिठ्ठी लागून तो खणात पडला. दोन तपे तो तसाच होता. थायलंडचे अभ्यासक कित्ती थोंगलोंग्या यांनी तो बारकाईने पाहिला तेव्हा उमगले, की ही नुसती नवी जातच नव्हे तर नवी प्रजाती आहे. १९७२ साली त्यांनी तिला पक्षितज्ज्ञ सालिम अली यांचे नाव दिले. नमुना भारतात, खण भारतात, आणि ओळखणारा डोळा मात्र बाहेरून आला. डोळे तयार करण्याचे काम मागे पडले की असेच होणार. भारतीय वनस्पती सर्वेक्षण १८९० पासून आणि प्राणी सर्वेक्षण १९१६ पासून अस्तित्वात आहे. पुण्यात वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम केंद्र आहे, आघारकर संशोधन संस्था आहे. संस्था आहेत, पण महाविद्यालयांत वर्गीकरणाचा विषय कोपऱ्यात ढकलला गेला आहे. हुशार मुलाने प्रयोगशाळेत जनुके पाहायची आणि रानात गवत मोजायचे ते मार्क कमी पडलेल्याने, अशी समजूत मध्यमवर्गात घट्ट बसली आहे. वास्तविक आजचे वर्गीकरण जनुकांवाचून होत नाही. आणि कोणत्या जिवाची जनुके घेतली हे ठाऊक नसेल, तर त्या जनुकांना काडीचीही किंमत नाही.

जिथे माणसे कामाला लागली, तिथे चित्र पालटते आहे. केरळच्या नद्यांतील एका देखण्या माशाला १८६५ साली मद्रासचा गव्हर्नर डेनिसन याचे नाव देण्यात आले होते. २०१३ साली राजीव राघवन आणि पुण्याच्या आयसरमधील नीलेश डहाणूकर यांच्यासह भारतीय संशोधकांनी त्या माशासाठी नवी प्रजाती प्रस्थापित केली, 'सह्याद्रिया'. आज तो मासा 'सह्याद्रिया डेनिसोनी' आहे : गव्हर्नर जागचा हलला नाही, पण सह्याद्री त्याच्या आधी उच्चारावा लागतो. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात डॉ. श्री. रं. यादव आणि त्यांच्या शिष्यपरंपरेने कंदीलपुष्पांचा ध्यास घेतला. या गटाशी निगडित तरुण अभ्यासकांना विशाळगडावर आढळलेली कंदीलपुष्पाची नवी जात आज 'सेरोपेजिया शिवरायियाना' या नावाने नोंदली गेली आहे. शिवनेरीवर फ्रेअर आणि विशाळगडावर शिवराय! पहिले नाव पुसायला कोणालाही जमले नाही. दुसरे लिहायला कोणाची परवानगी लागली नाही. गड चढावा लागला, एवढेच.

अरुणाचलातील उदाहरण तर कार्यकर्त्यांनी आवर्जून ध्यानी घ्यावे असे आहे. ईगलनेस्टच्या रानात एक अनोळखी रंगीत पक्षी दिसला तो रमण आत्रेय यांना. पेशाने खगोलशास्त्रज्ञ, तेव्हा पुण्यात कार्यरत. पक्षी इतका विरळ होता, की नमुन्यासाठी एखादा मारणेही त्यांना मान्य झाले नाही. जाळ्यात सापडलेल्या पक्ष्याची मोजमापे आणि छायाचित्रे घेतली, गळलेली पिसे ठेवून घेतली आणि त्याला सोडून दिले. २००६ साली वर्णन प्रसिद्ध झाले, 'लिओसिक्ला बुगुनोरम'. ज्यांच्या सामुदायिक वनात तो पक्षी राहतो, त्या बुगुन जनजातीचे हे नाव. नाव देणाऱ्याने आपल्या वरिष्ठाकडे पाहिले नाही, वनवासी बांधवांकडे पाहिले. आणि पुढे बुगुन समाजाने आपल्या वनाचा काही भाग या पक्ष्यासाठी राखला.

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार पृथ्वीवर सुमारे ८७ लाख जातींचे सजीव आहेत, आणि नावे मिळाली आहेत ती त्यांतील थोड्यांनाच. सह्याद्रीच्या सड्यांवर पावसाळ्याच्या चार महिन्यांत उगवून संपणाऱ्या वनस्पती नाव मिळण्यापूर्वीच खाणीत किंवा बंगल्यांच्या वसाहतीखाली जात असतील, तर त्यांचा हिशेब कोणाकडेही राहणार नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने नव्याने सापडलेल्या प्रत्येक जातीचा नमुना देशातील नियुक्त संग्रहालयात ठेवणे बंधनकारक केले आहे. डॅलझेलच्या काळाप्रमाणे नमुने थेट लंडनची वाट धरत नाहीत. त्याच कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असावी, अशी तरतूद केली. नोंदवहीत गावाच्या झाडांची, पिकांची, पशुपक्ष्यांची स्थानिक नावे आणि उपयोग लिहायचे असतात, त्यांसमोर शास्त्रीय नावेही. पहिला रकाना गावातील वृद्ध आजी आणि गुराखी भरू शकतात, आणि ती पिढी वेगाने मावळते आहे. दुसऱ्या रकान्यासाठी लागणारे विद्यार्थी तालुक्याच्या महाविद्यालयातून दरवर्षी वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडतात. या दोघांना एका ओसरीवर बसवण्याचे काम शासकीय परिपत्रकाने होत नाही. ज्या कार्यकर्त्याचे दोन्ही घरी जाणे-येणे आहे त्याचे ते काम आहे, आणि येत्या पावसाळ्यात ते सुरू करता येईल.